पेटीतील पुंजकणाची गतिज ऊर्जा : बंदिस्ततेचे मूल्य आणि 'गती' या संकल्पनेचा अर्थ

सारांश :
पुंजयामिकीच्या अभ्यासात 'पेटीतील कण' हे प्रतिमान बहुधा सर्वांत प्रथम येते. त्याचे सूत्र छोटे असून गणितही सुलभ आहे. मात्र या सूत्राने मिळणारी ऊर्जा सर्वस्वी गतिज असूनही त्या अवस्थेत कालानुसार काहीच हलत नाही, या विसंगतीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखात या ऊर्जेचा उगम, ती शून्य का होऊ शकत नाही याचे कारण, संवेगाशी तिचे असलेले नाते आणि पेटीच्या भिंती हलविल्यास तिच्यात होणारे बदल यांचे विवेचन केले आहे. बंदिस्ततेमुळे निर्माण होणारी ही गतिज ऊर्जा अणूच्या आकारापासून श्वेतबटू ताऱ्यांच्या स्थैर्यापर्यंत अनेक गोष्टींचा आधार कशी ठरते, हेही दाखविले आहे.

बीजसंज्ञा : पुंजयामिकी, तरंगफलन, गतिज ऊर्जा, संवेग, शून्यबिंदू ऊर्जा, पुंजबिंदू.

प्रस्तावना :
अभिजात यामिकीत गतिज ऊर्जेचा अर्थ निःसंदिग्ध आहे. वस्तूला वस्तुमान असते, वेग असतो आणि त्या दोहोंवरून गतिज ऊर्जा ठरते. वेग शून्य झाला की गतिज ऊर्जाही शून्य होते. एखाद्या डब्यात ठेवलेली गोटी डब्याच्या तळाशी स्वस्थ पडून राहू शकते. डब्याचा आकार लहान केला म्हणून तिला हालचाल करण्याचे कोणतेही कारण उरत नाही.

इलेक्ट्रॉनसारख्या कणाच्या बाबतीत मात्र हे विधान टिकत नाही. त्याला एका मर्यादित जागेत कोंडले की त्याच्या ठायी गतिज ऊर्जा येतेच, आणि जागा जितकी अरुंद तितकी ही ऊर्जा अधिक. ती तापमानावर अवलंबून नसल्यामुळे निरपेक्ष शून्य तापमानालाही ती काढून घेता येत नाही. लुई डी ब्रॉग्ली यांनी १९२४ मध्ये द्रव्यतरंगांची कल्पना मांडली, १९२६ मध्ये एर्विन श्रोडिंगर यांनी तरंगसमीकरण दिले, त्याच वर्षी माक्स बॉर्न यांनी तरंगफलनाचा संभाव्यतेच्या भाषेत अर्थ लावला आणि १९२७ मध्ये वेर्नर हायझेनबर्ग यांनी अनिश्चिततेचे तत्त्व मांडले. या चारही टप्प्यांचा आशय पेटीतील कणाच्या एका उदाहरणात एकवटलेला आढळतो. म्हणूनच हे उदाहरण केवळ परीक्षेपुरते राहू नये, अशी अपेक्षा रास्त ठरते.

लेखाची उद्दिष्टे :
१) पेटीतील कणाच्या गतिज ऊर्जेचा उगम तरंगफलनाच्या आकारातून स्पष्ट करणे.
२) 'कण भिंतींमध्ये येरझारा घालतो' या रूढ चित्राची मर्यादा दाखविणे.
३) या ऊर्जेची द्रव्याच्या स्थैर्यातील भूमिका प्रत्यक्ष उदाहरणांनी मांडणे.

१. प्रतिमान आणि त्याचे सूत्र :
एका सरळ रेषेवर दोन अभेद्य भिंती आहेत, अशी कल्पना करावी. भिंतींच्या दरम्यान कणावर कोणतेही बल नाही. म्हणजेच तेथे स्थितिज ऊर्जा शून्य आहे. भिंतींच्या पलीकडे कण कधीही सापडू शकत नाही. त्यामुळे तरंगफलन दोन्ही भिंतींपाशी शून्य असले पाहिजे. या अटीमुळे पेटीत केवळ तेच तरंग बसू शकतात, ज्यांच्या अर्ध्या तरंगलांबीची पूर्णांक पट पेटीच्या लांबीइतकी भरते.

तंबोऱ्याची तार हे या ठिकाणी जवळचे उदाहरण आहे. दोन्ही टोकांना बांधलेली तार एक, दोन, तीन अशा पूर्ण संख्येच्या भागांतच स्थिर कंप पावते. साम्य मात्र आकारापुरते आहे. तारेच्या स्वरांची वारंवारता १, २, ३ या प्रमाणात वाढते, तर पेटीतील कणाची ऊर्जा १, ४, ९ या प्रमाणात वाढते. कारण संवेग तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो आणि गतिज ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. यावरून पुढील सूत्र मिळते :

ऊर्जा = (न² × ह²) ÷ (८ × व × ल²)

येथे 'न' हा १, २, ३ अशी मूल्ये घेणारा पुंजांक, 'ह' हा प्लांकचा स्थिरांक, 'व' हे कणाचे वस्तुमान आणि 'ल' ही पेटीची लांबी होय. पेटीच्या आत स्थितिज ऊर्जा शून्य असल्यामुळे ही सर्व ऊर्जा गतिज आहे.

सूत्रात आकडे घातल्यास चित्र अधिक स्पष्ट होते. एक नॅनोमीटर लांबीच्या पेटीतील इलेक्ट्रॉनची किमान ऊर्जा सुमारे ०.३७६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते. सामान्य खोलीच्या तापमानाशी निगडित असलेली औष्णिक ऊर्जा सुमारे ०.०२६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. म्हणजे केवळ कोंडल्यामुळे आलेली ऊर्जा तिच्या सुमारे चौदा पट आहे. पेटी दहा पट आखूड करून अणूच्या आकाराची, म्हणजे ०.१ नॅनोमीटरची केली, तर हीच ऊर्जा शंभर पट वाढून ३७.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट होते.

२. गतिज ऊर्जेचा उगम : तरंगफलनाचा उतार :
वरील सूत्र अचूक असले, तरी ऊर्जा नेमकी कोठे साठलेली आहे, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी तरंगफलनाच्या आकाराकडे पाहावे लागते. पुंजयामिकीत गतिज ऊर्जेची सरासरी ही तरंगफलनाच्या उताराच्या वर्गाची सर्व जागेवर बेरीज करून मिळते. तरंगफलन जेथे सपाट आहे तेथे या बेरजेत भर पडत नाही. जेथे ते चढते किंवा उतरते तेथे भर पडते. थोडक्यात, तरंगफलनाला कमी अंतरात अधिक वर-खाली जावे लागले की गतिज ऊर्जा वाढते.

या दृष्टीने पेटीतील कणाची किमान ऊर्जा हा एक साधा भूमितीय प्रश्न ठरतो. तरंगफलन दोन्ही भिंतींपाशी शून्य असले पाहिजे. त्याच वेळी कण पेटीत कोठेतरी नक्कीच आहे, म्हणजे एकूण संभाव्यता एक असली पाहिजे. म्हणून मधल्या भागात तरंगफलनाला पुरेशी उंची हवीच. शून्यापासून त्या उंचीपर्यंत चढणे आणि पुन्हा शून्यावर उतरणे अटळ आहे. ही चढउतार कमीत कमी खर्चात कशी करावी, एवढाच प्रश्न उरतो.

तंबूसारखा त्रिकोणी आकार घेतला, तर सरासरी गतिज ऊर्जा खऱ्या किमान ऊर्जेच्या १.२१६ पट येते. अन्वस्ताचा आकार घेतला, तर ती १.०१३ पट येते. म्हणजे फरक दीड टक्क्याच्याही आत येतो. याहून कमी ऊर्जेचा आकार शोधत गेल्यास शेवटी ज्या-फलनाच्या अर्ध्या तरंगाशी येऊन थांबावे लागते. याहून स्वस्त आकार अस्तित्वात नाही. श्रोडिंगर समीकरणाने मिळणारे उत्तरही हेच आहे. सूत्रातील लांबीच्या वर्गाचा उलगडाही येथेच होतो. लांबी निम्मी केली की तेवढीच चढण निम्म्या अंतरात चढावी लागते. उतार दुप्पट होतो आणि उताराचा वर्ग चौपट होतो.

३. किमान ऊर्जा शून्य का नाही? :
'न' शून्य का असू शकत नाही, या प्रश्नाचे उत्तर आता सहज देता येते. ऊर्जा शून्य असेल तर तरंगफलनाला वाकता येत नाही; ते सरळ रेषाच राहते. दोन्ही टोकांना शून्य असणारी सरळ रेषा सर्वत्र शून्य असते. सर्वत्र शून्य तरंगफलन याचा अर्थ पेटीत कणच नाही. म्हणून पेटीत कण असणे आणि त्याची ऊर्जा शून्य असणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. या अटळ किमान ऊर्जेला शून्यबिंदू ऊर्जा म्हणतात.

हाच निष्कर्ष अनेकदा अनिश्चिततेच्या तत्त्वावरून काढला जातो. तो योग्य आहे. परंतु त्याची मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. हे तत्त्व किमान ऊर्जेचे मूल्य देत नाही, ऊर्जा अमुक एका मर्यादेखाली जाऊ शकत नाही, एवढेच सांगते. स्थानाची अनिश्चितता पेटीच्या संपूर्ण लांबीइतकी धरून गणित केल्यास मिळणारी मर्यादा खऱ्या ऊर्जेच्या सुमारे चाळीसाव्या भागाइतकीच असते. पेटीत स्थानाची अनिश्चितता निम्म्या लांबीहून अधिक असू शकत नाही, हे ध्यानात घेतले तर ती सुमारे दहाव्या भागापर्यंत येते. मूळ अवस्थेतील स्थानाची प्रत्यक्ष अनिश्चितता लांबीच्या सुमारे ०.१८ पट आहे. ती वापरली तर मर्यादा खऱ्या मूल्याच्या सुमारे ७७ टक्के होते. 'अनिश्चिततेच्या तत्त्वावरून सूत्र सिद्ध होते' असे म्हणणे म्हणूनच बरोबर ठरत नाही. ते तत्त्व दिशा दाखविते. नेमके मूल्य मात्र तरंगफलनाच्या आकारावरून मिळते.

४. कण भिंतींमध्ये येरझारा घालतो काय? :
ऊर्जा गतिज आहे असे म्हटले की एक चित्र आपोआप डोळ्यांसमोर उभे राहते : कण एका भिंतीवर आपटून दुसरीकडे जातो, तेथून परत येतो. एक नॅनोमीटरच्या पेटीतील इलेक्ट्रॉनच्या किमान ऊर्जेवरून वेग काढला तर तो सेकंदाला सुमारे ३६४ किलोमीटर येतो. या आकड्यामुळे ते चित्र अधिकच पक्के होते. परंतु तीन कारणांनी ते स्वीकारता येत नाही.

पहिले कारण स्थानाविषयी आहे. समान वेगाने येरझारा घालणारा कण पेटीच्या प्रत्येक भागात सारखाच वेळ घालवील; मधल्या एक तृतीयांश भागात तो सापडण्याची शक्यता ३३ टक्के असेल. मूळ अवस्थेतील पुंजकणाच्या बाबतीत ही शक्यता सुमारे ६१ टक्के आहे.

दुसरे कारण काळाविषयी आहे. ठरावीक ऊर्जेच्या अवस्थेत संभाव्यतेचे वितरण कालानुसार बदलत नाही आणि कोणत्याही दिशेने संभाव्यतेचा प्रवाह वाहत नाही. या अर्थाने पेटीत काहीच हलत नाही. हालचाल दिसण्यासाठी किमान दोन ऊर्जापातळ्यांचे मिश्रण लागते. वरील पेटीत पहिल्या दोन पातळ्यांचे मिश्रण केल्यास संभाव्यतेचा पुंजका एका बाजूकडून दुसरीकडे हेलकावे घेतो. सेकंदाला सुमारे २७३ लाख कोटी वेळा. या हेलकाव्यांची वारंवारता दोन पातळ्यांच्या ऊर्जांमधील फरकावरून ठरते. एकट्या पातळीच्या ऊर्जेशी तिचा संबंध नसतो.

तिसरे कारण संवेगाविषयीचे असून ते सर्वांत बोलके आहे. येरझाऱ्यांच्या चित्रानुसार संवेगाची दोनच मूल्ये संभवतात : एक उजवीकडचे, एक डावीकडचे. दोन्हींचे परिमाण सारखे आणि दोन्हींची शक्यता निम्मी-निम्मी. पेटीच्या भिंती एकाएकी नाहीशा केल्या आणि कणाला दीर्घ काळ मुक्तपणे जाऊ दिले, तर तो किती दूर पोहोचला यावरून त्याचा संवेग ठरविता येईल. असे मापन अनेकदा केल्यास मिळणारे वितरण पुंजयामिकीने काढता येते. मूळ अवस्थेसाठी या वितरणात दोन शिखरे नसतात. एकच रुंद शिखर असते आणि ते शून्य संवेगावर असते. ज्या संवेगावर येरझारांच्या चित्रानुसार कण हमखास सापडायला हवा, तेथील संभाव्यता-घनता शून्य संवेगावरील घनतेच्या सुमारे ६२ टक्के असते. पुंजांक मोठा होत जातो तसतशी दोन वेगळी शिखरे उमटू लागतात आणि अभिजात चित्र हळूहळू सार्थ होत जाते.

ज्या अवस्थेची ऊर्जा सर्वस्वी गतिज आणि सर्वस्वी निश्चित, तिच्यातच संवेग अनिश्चित आणि त्याचे सर्वाधिक संभाव्य मूल्य शून्य, हे कसे शक्य आहे? उत्तर असे की भिंती असताना निश्चित असते ती भिंतींच्या अटींसह असलेली ऊर्जा. भिंती काढल्या की प्रश्नच बदलतो. मुक्त कणाची गतिज ऊर्जा प्रत्येक मापनात वेगवेगळी येते. तिची सरासरी मात्र पेटीतील निश्चित ऊर्जेइतकीच भरते. भिंतींपाशी तरंगफलनाला अकस्मात कोन पडलेला असतो. त्या कोनामुळे मोठ्या संवेगांचे क्षीण पण लांबवर पसरलेले पुच्छ वितरणाला लाभते. त्यामुळे संवेगाच्या वर्गाची सरासरी सान्त राहते. चौथ्या घाताची सरासरी मात्र अनंत होते. अनंत उंचीच्या भिंती हे आदर्शीकरण आहे, याची ही खूण होय.

डी ब्रॉग्लीच्या संबंधावरून सूत्र काढताना जणू एकच संवेग आहे, असे गृहीत धरले जाते. उत्तर बरोबर येते. परंतु त्या वाटेने जाताना मनात रुजणारे चित्र अपुरे असते.

५. भिंती हलविल्यास काय होते? :
गतिज ऊर्जा पेटीच्या लांबीवर अवलंबून असल्यामुळे पेटी आखूड करण्यासाठी कार्य करावे लागते. दुसऱ्या शब्दांत, कण भिंतींवर बाहेरच्या दिशेने बल लावतो. या बलाचे परिमाण ऊर्जेच्या दुपटीला लांबीने भागले असता मिळते. कणाला आधी 'ढकलून' गती दिलेली नसतानाही हे बल अस्तित्वात असते.

भिंत किती वेगाने हलविली जाते, यावर पुढील परिणाम अवलंबून असतो. मूळ अवस्थेतील कण असलेली पेटी अत्यंत संथपणे दुप्पट लांब केली, तर कण प्रत्येक क्षणी त्या त्या लांबीच्या मूळ अवस्थेतच राहतो. अखेरीस त्याची ऊर्जा एक चतुर्थांश होते; उरलेली ऊर्जा भिंत बाहेर ढकलण्याच्या कार्यात खर्ची पडते. याउलट भिंत एकाएकी दुप्पट अंतरावर नेली, तर तरंगफलनाला बदलायला वेळच मिळत नाही. कण भिंतीवर कार्य करीत नाही आणि सरासरी ऊर्जा पूर्वीइतकीच राहते. आता मात्र ती निश्चित राहत नाही. मापन केल्यास ५० टक्के वेळा पूर्वीइतकी, सुमारे ३६ टक्के वेळा पूर्वीच्या एक चतुर्थांश आणि उरलेल्या सुमारे १४ टक्के वेळा पूर्वीहून अधिक ऊर्जा मिळेल. ऊर्जेचा हिशेब पुंजयामिकीतही काटेकोर असतो, हे या उदाहरणावरून दिसून येते.

६. दैनंदिन वस्तूंना हे का जाणवत नाही? :
सूत्रात वस्तुमान छेदात आहे. एक मायक्रोग्रॅम वस्तुमानाचा धुळीचा कण एक मिलिमीटर लांबीच्या पेटीत ठेवला, असे मानावे. त्याच्या किमान ऊर्जेशी निगडित वेगाने त्याला तो एक मिलिमीटर ओलांडण्यास सुमारे साडेनऊ हजार कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. म्हणजे हा काळ त्याच्या जवळजवळ सात पट झाला. नियम धुळीलाही लागू आहे. फक्त त्याचा परिणाम कोणत्याही मापनाच्या आवाक्याबाहेर आहे. डब्यातील गोटी स्वस्थ दिसते ती याच कारणाने.

७. प्रतिमानापासून प्रत्यक्ष द्रव्यापर्यंत :
(अ) अणूचा आकार : हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉन धन प्रभाराकडे ओढला जातो. मग तो केंद्रकात का कोसळत नाही? येथे पेटीच्या भिंती नाहीत. विद्युत आकर्षण हेच कोंडण्याचे काम करते. इलेक्ट्रॉन निम्म्या आकाराच्या जागेत आला, तर आकर्षणातून मिळणारी ऊर्जा दुप्पट होते, परंतु कोंडण्यासाठी मोजावी लागणारी गतिज ऊर्जा चौपट होते. त्यामुळे एका विशिष्ट आकारापलीकडे आकुंचन परवडत नाही. हा समतोल सुमारे ०.०५३ नॅनोमीटर त्रिज्येपाशी साधला जातो. तेथे सरासरी गतिज ऊर्जा १३.६, स्थितिज ऊर्जा उणे २७.२ आणि एकूण ऊर्जा उणे १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. टेबल, भिंत, मनुष्यदेह यांना आकारमान आहे, याचे मूळ या समतोलात आहे.

(आ) द्रवरूप हेलियम : हेलियमचे अणू हलके असून त्यांच्यातील आकर्षण अत्यंत क्षीण असते. स्फटिकात प्रत्येक अणूला शेजाऱ्यांनी वेढलेल्या लहानशा जागेत राहावे लागते. त्या कोंडण्याची गतिज ऊर्जा इतकी असते, की सर्वसाधारण दाबाखाली निरपेक्ष शून्याच्या निकटही हेलियम गोठत नाही. त्याला घनरूप देण्यासाठी सुमारे २५ वातावरणांइतका दाब द्यावा लागतो.

(इ) पुंजबिंदू : अर्धवाहकाच्या काही नॅनोमीटर आकाराच्या स्फटिककणांत पेटीचे प्रतिमान जवळजवळ डोळ्यांनी पाहता येते. कॅडमियम सेलेनाइडचे सुमारे दोन नॅनोमीटरचे कण निळसर, तर सहा नॅनोमीटरच्या आसपासचे कण तांबडा प्रकाश देतात. पदार्थ एकच, बदलतो तो केवळ पेटीचा आकार. कण लहान झाला की कोंडलेल्या इलेक्ट्रॉनची व त्याच्या जोडीच्या धन रिक्तीची गतिज ऊर्जा वाढते आणि प्रकाश निळ्याकडे सरकतो. अलेक्सी एकिमोव्ह यांनी रंगीत काचेत आणि लुई ब्रूस यांनी द्रावणात हा आकारावलंबी परिणाम १९८० च्या दशकाच्या प्रारंभी दाखविला. मौंगी बावेंडी यांनी १९९३ मध्ये असे कण एकसारख्या आकारात तयार करण्याची पद्धत सिद्ध केली. या तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्याच १९९३ मध्ये आयबीएमच्या अल्माडेन येथील प्रयोगशाळेत तांब्याच्या पृष्ठभागावर लोहाचे ४८ अणू वर्तुळाकार मांडून त्या कुंपणात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांचे स्थिर तरंग सूक्ष्मदर्शकाने टिपण्यात आले.

(ई) श्वेतबटू तारे : इंधन संपलेल्या ताऱ्यात गुरुत्वाकर्षण सर्व द्रव्य आत ओढते. पाउलीच्या अपवर्जन तत्त्वानुसार दोन इलेक्ट्रॉन एकाच पुंजावस्थेत राहू शकत नाहीत. म्हणून प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या वाट्याला जणू स्वतंत्र, अतिशय लहान पेटी येते. तारा आकुंचन पावतो तसतशी या पेट्यांतील गतिज ऊर्जा लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते, तर गुरुत्वीय ऊर्जा केवळ लांबीच्या व्यस्त प्रमाणात वाढते. म्हणून गतिज ऊर्जा अखेर गुरुत्वाला थोपविते. मात्र तारा फार जड असेल, तर इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ जातो आणि सापेक्षता सिद्धान्तानुसार कोंडण्याची ऊर्जाही केवळ लांबीच्या व्यस्त प्रमाणात वाढू लागते. दोन्ही बाजू आता एकाच गतीने वाढतात. कितीही आकुंचन झाले तरी गतिज ऊर्जेला गुरुत्वावर मात करता येत नाही. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० मध्ये भारतातून इंग्लंडला जाताना बोटीच्या प्रवासात हा विचार केला आणि पुढील काही वर्षांत तो पूर्णत्वास नेला. सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाची मर्यादा आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९८३ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सूत्राच्या छेदातील एका वर्गाचे असणे-नसणे ताऱ्याचे भवितव्य ठरविते, हे येथे लक्षात येते.

८. प्रतिमानाच्या मर्यादा :
प्रतिमान जेथे अपुरे पडते ती उदाहरणेही तितकीच उद्बोधक असतात. गाजराला रंग देणाऱ्या बीटा-कॅरोटीनच्या रेणूत एकाआड एक येणारे ११ दुहेरी बंध असून त्यांतील २२ इलेक्ट्रॉन साखळीभर पसरलेले असतात. साखळीची लांबी सुमारे २.९ नॅनोमीटर मानून पेटीचे सूत्र लावल्यास शोषण सुमारे एक इलेक्ट्रॉन-व्होल्टला, म्हणजे अवरक्त प्रकाशात व्हायला हवे. तसे असते तर गाजर नारिंगी दिसलेच नसते. प्रत्यक्षात शोषण ४५० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे पावणेतीन इलेक्ट्रॉन-व्होल्टला होते. एकेरी व दुहेरी बंधांची लांबी सारखी नसते. पेटीचा तळ सपाट नसून खाचखळग्यांचा असतो. सपाट तळाचे गृहीतक येथे लागू पडत नाही.

भिंतींची उंची सान्त असेल, तर तरंगफलन भिंतीच्या आत थोडे झिरपते. त्यामुळे पेटी जणू किंचित रुंद होते आणि ऊर्जापातळ्या थोड्या खाली येतात. अशा वेळी ऊर्जा सर्वस्वी गतिज राहत नाही; भिंतीच्या भागात स्थितिज ऊर्जेचाही वाटा येतो.

९. अध्यापनाच्या दृष्टीने :
पेटीतील कणाचे प्रकरण शिकविताना सूत्राच्या सिद्धतेला बहुधा पुरेसा वेळ दिला जातो. त्या सूत्राचा अर्थ मात्र तासिकेच्या अखेरीस उरलेल्या मिनिटांत सांगितला जातो. वर्गात तीन गोष्टींची जोड दिल्यास हे चित्र बदलू शकते. एक, त्रिकोणी व अन्वस्ताकार तरंगफलनाची सरासरी ऊर्जा विद्यार्थ्यांकडून काढून घेणे. त्यासाठी पदवीच्या प्रथम वर्षाचे कलनशास्त्र पुरेसे आहे. दोन, मूळ अवस्थेतील संवेगाचे वितरण आलेखाच्या रूपात दाखवून येरझारांच्या चित्राशी त्याची तुलना करणे. तीन, एक नॅनोमीटरचा इलेक्ट्रॉन आणि एक मिलिमीटरची धूळ यांचे आकडे शेजारी-शेजारी मांडणे. रसायनशास्त्राच्या वर्गात पुंजबिंदू व कॅरोटीन ही दोन्ही उदाहरणे एकत्र घेतल्यास प्रतिमान केव्हा वापरावे आणि केव्हा वापरू नये, याचा विवेकही विद्यार्थ्यांत रुजू शकेल.

निष्कर्ष :
१) पेटीतील पुंजकणाची गतिज ऊर्जा ही त्याच्या येण्या-जाण्याची खूण नसून, मर्यादित जागेत बसण्यासाठी तरंगफलनाला जी चढउतार करावी लागते तिचे माप आहे.
२) ही ऊर्जा शून्य होऊ शकत नाही, कारण शून्य ऊर्जेचे तरंगफलन दोन्ही भिंतींची अट पाळू लागले की कणाचे अस्तित्वच उरत नाही. अनिश्चिततेचे तत्त्व या निष्कर्षाला दुजोरा देते, परंतु नेमके मूल्य देत नाही.
३) मूळ अवस्थेत ऊर्जा निश्चित असली तरी संवेग निश्चित नसतो आणि त्याचे सर्वाधिक संभाव्य मूल्य शून्य असते.
४) लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढणारी ही ऊर्जा अणूला आकार देते, हेलियमला द्रवरूप ठेवते, पुंजबिंदूंना रंग देते आणि श्वेतबटू ताऱ्याला सावरते.

अभिजात यामिकीतून आलेला 'गतिज' हा शब्द पुंजयामिकीने टाकून दिला नाही, त्याचा अर्थ मात्र विस्तारला. पुंजांक मोठा होतो आणि वस्तुमान वाढते, तेव्हा या विस्तारलेल्या अर्थातून जुना अर्थ पुन्हा प्राप्त होतो. विद्यार्थ्याच्या हाती सूत्राबरोबर हा अर्थही पोहोचला, तर पेटीतील कणाचा पाठ खऱ्या अर्थाने पूर्ण झाला असे म्हणता येईल.